चार बोटं खाली

२ सप्टेंबर, सॅन अँटोनियो

अपा,

तुम्ही फोन उचलत नाही. चौदा महिने झाले. नान्दोच्या फोनवरून केला तरी माझा आवाज ऐकला की ठेवून देता, आणि मग नान्दोलाच ओरडा बसतो. भाऊ असला तरी त्याला किती दिवस मध्ये घालायचं? म्हणून हे पत्र.

माफी मागायला लिहीत नाहीये. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत उगाच वाट बघत बसणार नाही.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, मी नर्सिंग सोडलं. आता संगीत शिकते. अमाला मे महिन्यापासून माहीत आहे. तिच्यावर ओरडू नका, मीच तिला शपथ घातली होती. दुसरी, इथल्या कॉलेजच्या मारियाची वाद्यवृंदात मला घेतलंय. व्हायोलिनवर. चाळीस जणांतून सोळाच घेतले, त्यांत मी. तुमच्या चुयची भाची इथेच शिकते, आज ना उद्या तिच्याकडून कळणारच होतं. म्हटलं, चुयच्या ट्रम्पेटमधून माझी बातमी ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे.

तुमच्या मारियाचीत माझी जागा भरल्याचं अमा म्हणाली. कोण तो, रोमा गावचा पोरगा? त्याचं कोपर खाली पडतं, मी त्याला ऐकलंय. असो. तुमची मारियाची, तुमचा पोरगा.

आणि आता विषय निघालाच आहे तर बोलतेच. चेलो आत्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, त्या दिवसाचं. दोनशे माणसं हॉलमध्ये. आत्या पहिल्या टेबलावर, केसांत फुलं माळून. तुम्ही माइकवर म्हणालात, "आता माझी मुलगी माझ्या बहिणीचं आवडतं गाणं म्हणेल." नावाड्याचं गाणं. आणि सुरू केलंत ते तुमच्या पट्टीत. 'रे'मध्ये. पुरुषाच्या पट्टीत.

सात वर्षं मी तुमच्या मागे दोन हात अंतरावर उभी राहून वाजवलं. माझा गळा कुठे बसतो ते तुम्हाला ठाऊक नव्हतं? पहिली ओळ खाली, दुसरी त्याहून खाली, आणि तिथे माझ्या गळ्यात सूर उरतच नाही, नुसती हवा येते. रामिरो मामा मागून ओरडले, "पोरी, जेवली नाहीस का?" लोक हसले. आत्यासुद्धा हसली, बिचारी, तिला वाटलं गंमत चाललीय. मी पहिलं कडवं कसंबसं संपवलं, व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं आणि केकच्या टेबलाशेजारून बाहेर निघून गेले.

उरलेलं गाणं तुम्ही म्हटलंत. टाळ्या मला बाहेर गाड्यांपर्यंत ऐकू आल्या. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, "गाणं मध्येच टाकून जाणाऱ्याला माझ्या मारियाचीत जागा नाही." बास. तेव्हापासून एक शब्द नाही.

ठीक आहे. नको जागा. मला ते गाणं माझ्या पट्टीत, लोकांसमोर, शेवटच्या सुरापर्यंत म्हणायचंय. ते म्हटल्याशिवाय मी राहणार नाही. तुम्ही असा किंवा नसा.

ओदिलिया


१९ सप्टेंबर

अपा,

पहिलं पत्र मिळालं असणार, कारण ते परत आलं नाही. बोलत नसलात तर नका बोलू. मी बोलते.

इथे आमचे मास्तर डॉक्टर त्रेविन्यो. औषधं देणारे नव्हेत, संगीताचे. माणूस सज्जन आहे, कोट इस्त्रीचा, आवाज मऊ. प्रत्येकाच्या पुढ्यात सूर लिहिलेला कागद ठेवतात आणि कागदावर जे आहे तेच वाजतं. तुम्ही इथे असता तर पहिल्या दहा मिनिटांत तुमचं ते भल्यामोठ्या गिटारीसारखं गितारोन पाठीवर टाकून निघून गेला असतात. मलाही पहिला आठवडा जड गेला. तुमच्याकडे मला कधी कागद मिळाला? तुम्ही नुसतं "ऐक" म्हणायचात, आणि ऐकू आलं नाही तर रात्रीची टॉर्टिया मिळायची, पण तोंड वाकडं करून.

नोव्हेंबरात लारेडोला महोत्सव आहे. टेक्सासभरातल्या कॉलेजांच्या मारियाची येतात. प्रत्येक कॉलेज एक गाणारा पाठवतं. आमच्याकडून कोण जाणार ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला ठरणार. आणि निवडीसाठी सरांनी गाणं कुठलं काढलं? नावाड्याचं. मी कागद बघितला आणि हसूच आलं. मग वरचा कोपरा बघितला. 'रे'.

तालमीनंतर मी सरांना गाठलं.

"सर, हे बायकांच्या पट्टीत का नाही?"

"कारण ते 'रे'मध्ये लिहिलंय."

"मग वर, 'ला बेमोल'मध्ये लिहू."

"ओदिलिया, नऊ व्हायोलिनं आहेत. त्या पट्टीत मोकळी तार जवळजवळ लागतच नाही, प्रत्येक सुराला बोट दाबावं लागतं. त्यांचे हाल होतील."

"मीही त्या नवांतलीच आहे, सर. माझे हाल मला चालतील."

ते हसले. चांगलं हसले, वाईट नाही. मग म्हणाले, "हे बघ, गाणं ज्या पट्टीत जन्माला येतं ना, त्याच पट्टीत ते शोभतं."

अपा, शब्दन् शब्द तुमचा. मी दाराकडे वळून बघितलं, तुम्ही तिथे उभे आहात की काय म्हणून. हा माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही त्याला बघितलेलं नाही, त्याने आयुष्यात कागदाशिवाय एक सूर काढलेला नाही; पण बाईला गप्प बसवायची वेळ आली की तुमचं दोघांचं एकमत!

मी म्हटलं, "सर, पट्टी गाण्याला नसते. गाणाऱ्याला असते."

ते म्हणाले, "विचार करतो." म्हणजे करणार नाहीत. हे मी तुमच्याकडेच शिकलेय.

आमच्यात सात मुली आहेत. सातही जणी एकतर पुरुषांच्या पट्टीत घसा खरवडतात, नाहीतर मागे उभ्या राहून 'ऊऽऽ ऊऽऽ' करतात. मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी कुणाला म्हणालात का, मला वर हवंय म्हणून? गितारोन वाजवणारी डालिया म्हणाली, "अगं, मला वाटायचं माझाच आवाज खराब आहे." हे ऐकून माझं डोकं फिरलं. ही डालिया एवढीशी आहे, गितारोन घेऊन उभी राहिली की मागून नुसतं गितारोनच चालताना दिसतं. पण काय वाजवते! आणि हिला वाटतं, आपला आवाज खराब.

इथे कुणाला तुमचं नाव सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की म्हणते, वडील स्टार काउंटीत असतात, छपरं घालतात. खोटं नाही. आठवड्याचे पाच दिवस छपरंच घालता ना.

ओदिलिया


४ ऑक्टोबर

अपा,

आज मोठं पत्र आहे. बसून वाचा.

सर विचार करणार नाहीत हे नक्की झाल्यावर मीच लिहायला बसले. सोळा जणांचे वेगवेगळे कागद, सगळे 'ला बेमोल'मध्ये, हाताने. दोन आठवडे दुपारचं जेवण लायब्ररीच्या पायऱ्यांवर, एका हातात बुरिटो, दुसऱ्यात पेन्सिल. तिसऱ्या व्हायोलिनच्या कागदावर साल्साचा डाग आहे. तो वाजवणारीला सूर वाटला आणि तिने वाजवलासुद्धा.

मग एकेकाला पटवलं. ट्रम्पेटवाला किरिनो, ईगल पासचा, तोंडाचा फटकळ. कागद बघून म्हणाला, "आयला, ही पट्टी तर आमच्या सोयीची! 'रे'मध्ये माझ्या ओठांचं वाटोळं होतं. तू आधी का नाही जन्माला आलीस?" व्हायोलिनवाल्या मुली मात्र कुरकुरल्या. एक म्हणाली, "एका तुझ्यासाठी आम्ही सगळं नव्याने शिकायचं?" मी म्हटलं, "एका माझ्यासाठी नाही. पुढच्या वर्षी तू गाशील तेव्हा तुझ्यासाठी."  दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी तीच आली.

जिमच्या मागे, गाड्या लावतात तिथे, रोज दुपारी एक तास. ऊन असं की व्हायोलिनची खुंटी सरकायची. वाऱ्याने कागद उडायला लागले, तेव्हा मी म्हटलं, ठेवा ते खाली, ऐका. आणि मग मी त्यांना बोटं शिकवली. त्यांना माहीतच नव्हती! बोटं वर केली तर एका बाजूच्या पट्ट्या, खाली केली तर दुसऱ्या बाजूच्या. दोन वर म्हणजे 'रे'. चार खाली म्हणजे 'ला बेमोल'. गाणाऱ्याने मांडीजवळ बोटं दाखवायची आणि सगळ्यांनी उचलायचं. किरिनो म्हणाला, "हे तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "लग्नकार्यांत वाजवायचे ना एकजण, त्यांनी." तुम्हाला 'एकजण' म्हटलं. तेव्हा मजा वाटली. आता लिहिताना तेवढी वाटत नाहीये.

काल निवड होती. आधी एका मुलाने 'रे'मध्ये म्हटलं. चांगलं म्हटलं, खोटं कशाला बोलू. मग माझी पाळी. मी आधीच जाऊन प्रत्येकाच्या पुढ्यात माझे कागद ठेवले होते. सरांनी पहिल्या व्हायोलिनचा कागद उचलला, बघितला, दुसरा उचलला. मग एकेक करून सोळाही गोळा केले, नीट कडा जुळवल्या आणि पियानोवर ठेवले. आवाज तसाच मऊ.

"ठरल्याप्रमाणे. 'रे'."

 अपा, मी सगळ्यांकडे वळले आणि मांडीजवळ हात नेऊन चार बोटं खाली केली. डालियाने माझ्याकडे बघितलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. आणि तिने पहिला सूर मारला, एवढ्याशा मुलीने, खोलीच्या काचा वाजल्या. मग सगळे. पुढ्यात एकही कागद नाही. पंधरा पोरं, ज्यांनी जन्मात कधी पाठ वाजवलं नव्हतं!

मी म्हटलं. पण पूर्ण नाही. दुसऱ्या कडव्यानंतर सरांनी हात वर केला आणि आम्ही थांबलो. मास्तरने थांबवलं तर थांबायचं असतं, हे मोजू नका.

सर म्हणाले, "हे मला न विचारता?"

"विचारलं होतं, सर. दोनदा."

मागून किरिनो खोकला. सरांनी पियानोवरचे कागद उचलून काखेत घेतले. मग म्हणाले, "उद्या दारावर नाव लागेल," आणि निघून गेले. मला वाटलं, गेलं. माझं नाव लागणार नाहीच, मारियाचीतूनही काढतील, आणि दोन वर्षांत दोन मारियाचींतून हाकलली गेलेली मी पहिलीच असेन.

आज शुक्रवार. दारावर माझं नाव होतं.

मी आभार मानायला गेले तर सर म्हणाले, "आभार कसले? उत्तम गायलीस. पण ऐक, लारेडोला तुझे हे मित्र नसतील. तिथे प्रत्येक गाणाऱ्यामागे एकच मारियाची वाजवते, बाहेरून बोलावलेली, मुरलेली माणसं. कागद नाही, तालीम नाही. उभं राहायचं, पट्टी सांगायची, गायचं. ती माणसं तुझ्या पट्टीत वाजवतील की तुला आपल्या पट्टीत ओढतील, ते मी सांगू शकत नाही."

मी म्हटलं, "ओढू देत. मी त्यांच्या पट्टीत जाणार नाही."

ओदिलिया


२४ ऑक्टोबर

अपा,

काल अमाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, नान्दोचा दात, शेजारणीची शेळी. मग म्हणाली, "पोरी, तुला सांगू नको म्हणालाय, पण मला राहवत नाही. लारेडोच्या महोत्सवात वाजवायला तुझ्या बापाला बोलावलंय. आधीची मारियाची येत नाहीये म्हणे."

मी जिन्यातच बसले.

"त्यांना माहीत आहे का मी गाणार आहे ते?"

"अगं, पत्रं वाचतो की. माझ्यासमोर नाही. बाहेर गाडीत जाऊन बसतो आणि वाचतो. आपण कुणाला दिसत नाही असं त्याला वाटतं."

"आणि काय म्हणतात?"

"अक्षर घाण आहे म्हणाला."

बरं. आता घाण अक्षरातच आणखी एक गोष्ट वाचा, जी मी पहिल्या पत्रात लिहिली नाही. नऊ नोव्हेंबरला महोत्सवात तुमच्यासमोर उभं राहायचं असेल तर ती लिहिल्याशिवाय जमणार नाही.

आत्याच्या कार्यक्रमात तुम्ही मला विचारलं होतंत. तुम्ही वळलात, गितारोनच्या पोटाजवळ हात उघडा धरलात आणि भुवई वर केलीत. कुठली पट्टी? आणि मी दोन बोटं वर केली. तुम्ही लगेच सुरू केलं नाहीत. पुन्हा विचारलंत. मी पुन्हा दोन बोटं दाखवली, या वेळी आणखी वर, चुयलाही दिसतील अशी. हे दोनशेतल्या कुणालाच कळलं नाही. कळलं फक्त तुम्हाला आणि मला. आणि पंधरा महिने मी सगळ्यांना सांगत फिरले, बापाने मुद्दाम पाडलं.

मी असं का केलं ते सांगते. अकरा वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय. कुठल्या लग्नात एखादी बाई गायला उभी राहिली की नंतर गाडीत तुमचं सुरू व्हायचं, "बायका आल्या की पट्टी शोधत बसावं लागतं." चुय हसायचा, सगळे हसायचे, मागच्या सीटवर व्हायोलिन मांडीवर घेऊन मीही हसायचे. मला ती बाई व्हायचं नव्हतं. मला तुमच्या माणसांतलं एक व्हायचं होतं, ज्याच्यासाठी काहीही शोधावं लागत नाही. घरी न्हाणीघरात मी 'रे'मध्ये म्हणून बघितलं होतं. खालचा सूर लागत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी दोन बोटं वर केली. मूर्खपणा माझा.

आणि गाणं मध्ये टाकलं, तेही माझंच. ते सगळंच्या सगळं माझं. आत्याला वेगळं पत्र लिहून माफी मागितली आहे. तिने उलट टपाली उत्तर पाठवलं, "मूर्ख मुली, केक तरी खाऊन जायचंस." बघा, माणसं अशी उत्तरं देतात.

पण तुम्ही दोनदा विचारलंत, अपा. ज्याला माहीत नसतं तो एकदा विचारतो. भांडी घासताना मी ते गाणं कुठे म्हणते, ते तुम्ही वर्षानुवर्षं शेजारच्या खोलीत बसून ऐकलेलं आहे. तुम्हाला ठाऊक होतं की मी खोटं बोलतेय. मग तुम्हीच चार बोटं खाली करून का नाही सुरू केलंत? मी सांगते. तुम्हाला ते त्या पट्टीत येतच नव्हतं. सव्वीस वर्षं मारियाची चालवता, आणि एक गाणं, एकसुद्धा, बायकांच्या पट्टीत बसवलेलं नाही. दोनशे माणसांसमोर मी पडावं की तुम्ही चुकावं, असा प्रश्न होता. तुम्ही मला पडू दिलंत.

हे लिहिताना मला तुमचा राग येतोय आणि तुमची आठवणही येतेय. दोन्ही एकदम येतं. काय करू?

तर आता ऐका. नऊ तारखेला तुम्ही मला विचाराल. मी चार बोटं खाली करीन. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत तरी चार, तिसऱ्यांदा विचारलंत तरी चार. 'रे'मध्ये सुरू केलंत तर मी तोंड उघडणार नाही, सगळं लारेडो बघत राहिलं तरी. तुमच्या माणसांना जमणार नसेल तर आजच आयोजकांना कळवा, ते दुसरी मारियाची बघतील. आणि जमवायचं असेल तर तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत.

ओदिलिया


१० नोव्हेंबर

अपा,

निकाल लागायच्या आत गाडी काढून गेलात. चुय म्हणाला, "त्याला सोमवारी छप्पर आहे." काल शनिवार होता.

मी दुसरी आले. पहिला नंबर एल पासोच्या मुलीचा, आणि तो तिचाच होता. ती अशी गायली की मी पडद्यामागे उभी राहून शिट्टी मारली.

तुमच्यासमोर उभी राहिले तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत, सोळा महिन्यांनी पहिल्यांदा. तुमच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही हात उघडा धरलात. मी चार बोटं खाली केली. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. नुसती मान हलवलीत आणि वळून तुमच्या माणसांना चार दाखवलीत. रोमाच्या त्या पोराचं तोंड मला दिसलं. बिचाऱ्याने देवाचं नाव घेतलं.

नंतर चुयने मला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. पंधरा दिवस, रोज छपरावरून उतरलात की सगळ्यांना अंगणात उभं करायचात. "पोरी, तुझ्यापायी आमची बोटं सोलली," म्हणाला. "आमच्यातला रामोन तर म्हणाला, एवारिस्तो, सांग ना तिला, 'रे'मध्ये म्हण, पोरगीच आहे. तर तुझा बाप म्हणाला, ती नाही म्हणणार. आणि नाही म्हणाली तर मी तिच्यासमोर नुसता उभा राहणार आहे का?"

मी सगळं गाणं म्हटलं. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, माझ्या पट्टीत. खालची ओळ आली आणि गळ्यात सूर होता, भरलेला, मला हवा तेवढा. लोक पहिल्या कडव्यालाच ओरडायला लागले. ते तुम्ही ऐकलंतच.

आता जे तुम्हाला वाटतं मला ऐकू आलं नाही, ते. तुम्ही चुकलात. एकदा दुसऱ्या ओळीला, एकदा ट्रम्पेट उतरतात तिथे. आणि तिसऱ्यांदा अगदी शेवटच्या कडव्याआधी, जिथे सगळे थांबतात आणि एकटं गितारोन बोलतं. हॉलमध्ये एवढी शांतता, आणि त्या शांततेत तुमचा सूर चुकला. सवयीने मोकळी तार लागली तुमच्या हाताला. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाने मान वर केली. माझ्या मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

अपा, मी तुम्हाला लोकांसमोर चुकताना कधी पाहिलं नव्हतं. लग्नं, बारशी, दफनं, पावसात, तापात, कधीच नाही. तुम्ही लाल झालात, कानापर्यंत. पण थांबला नाहीत. पुढचा सूर लावलात, मग त्यापुढचा, आणि मला शेवटापर्यंत नेलंत. माझ्यासाठी सगळ्या लारेडोसमोर तुम्ही चुकलात. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाहेर आल्यावर किरिनो म्हणाला, "तू भारी! पण ते गितारोनवाले काका जरा कच्चेच होते, नाही?"

मी म्हटलं, "तोंड सांभाळ. माझा बाप आहे तो."

सगळे बघतच राहिले. त्रेविन्यो सरसुद्धा. डालियाने तर दोन्ही हात तोंडावर घेतले. "एवारिस्तो तुझे वडील? आणि तू आम्हाला सांगतेस छपरं घालतात?" मग मला पाऊण तास बसवून तुमच्याबद्दल विचारत होती. मी सांगत होते.

पण तीन जागा चुकल्या त्या चुकल्या. त्यावर पांघरूण घालणार नाही, तुम्ही माझ्या चुकांवर कधी घातलंत? पहिल्या दोन सरावाने जातील. तिसऱ्या जागेसाठी डालिया म्हणते, हात सरकवू नका, करंगळी लावा, म्हणजे मोकळी तार लागतच नाही. मी तिच्याकडून बघून घेतलंय, बसतं. आत्याला मी कळवलंय की नाताळात तमाले खाऊन झाल्या की तिचं गाणं मी तिच्या स्वयंपाकघरात उभी राहून पूर्ण म्हणणार आहे आणि तुम्ही वाजवणार आहात. सहा आठवडे आहेत. तिन्ही जागा मला बरोबर हव्यात.

ओदिलिया